कैलासवासी खुर्ची

नानाजींच्या पत्राला वामनरावांनी उत्तर दिलंच नव्हतं. पुण्याहून बालमित्राने लिहिलं होतं, ‘मरायच्या आत एकदा ये.’ एवढंच. पण निवृत्त ग्रंथपाल वामनरावांची गाडी मायन्यापुढे सरकेना. ‘तुझे पत्र पावले’ लिहिलं की ‘मिळाले’ बरं वाटे. ‘मिळाले’ लिहिलं की ‘पावले’. शेवटी त्यांच्या पत्नी सत्यवतीबाईंनी विमानाची तिकिटंच काढली आणि नानाजींना फोनवर कळवून टाकलं.

“लिवता येत नसन तं सोताच जा. मी येतो संगं!”

वामनरावांच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. म्हणून लकडगंजच्या भजनी मंडळाची व्हीलचेअर आणली. तिच्या पाठीवर पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलं होतं : ‘कै. गोपाळराव यांच्या स्मरणार्थ’.

नागपूर विमानतळावर ती सामानात द्यायची होती. काउंटरवरची सोनिका नुकतीच लखनौहून आलेली. “ये चेअर आपकी है?”

वामनरावांनी जन्मात दुसऱ्याचं पुस्तक आपलं म्हटलं नव्हतं. “जी नहीं. गोपाळराव की है.”

“वो कहाँ हैं?”

“ऊपर गए.”

“अच्छा, सिक्युरिटी में?”

वर काय व्यवस्था असते याची वामनरावांना खात्री नव्हती.

मालक विमानात नसेल तर सामान चढत नाही, असा नियम सांगून सोनिकाने माइक उचलला. “यात्री कै गोपाळराव! कै गोपाळराव, तुरंत काउंटर पर आइए!”

भिवापुरी मिरच्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसलेला एक गृहस्थ ताडकन उठला. “ते येऊन राहिले असन तं मी बसनं जातो गा!”

“अवं पोरी, तो मेला हाये!” सत्यवतीबाई ओरडल्या.

“मेला? कहाँ लगा है, आंटी?”

विमानाची वेळ होत आली. खुर्चीशिवाय वामनराव नानाजींच्या दारापर्यंत पोचणार नव्हते. सोनिका अडून बसली, “टॅग पर वामनराव, चेअर पर गोपाळराव. नाम तो एक होना चाहिए!”

सत्यवतीबाईंनी तिच्या हातातला मार्कर हिसकला. आयुष्यात नवऱ्याचं नाव तोंडाने न घेतलेल्या त्या बाईने ‘गोपाळराव’ खोडून वर ठसठशीत ‘वामनराव’ लिहिलं. ‘कै.’ तसंच राहिलं. वामनरावांनी ते पाहिलं. पण बायकोचं शुद्धलेखन तपासायची त्यांची हिंमत नव्हती. सोनिका मात्र खूश झाली.

पुण्याला उतरल्यावर वामनराव स्वच्छतागृहात गेले आणि सत्यवतीबाई दाराशी थांबल्या. तेवढ्यात कामगाराने खुर्ची रिकामीच बाहेर नेली. घ्यायला आलेल्या नानाजींनी तिची पाठ वाचली. त्यांना हुंदका आला.

“हे... हे कुठे आहेत?”

“मागून येतायत,” कामगार म्हणाला.

नानाजींनी मागे न बघता रिक्षा धरली.

संध्याकाळी त्याच खुर्चीत बसून वामनरावांनी नानाजींचं दार वाजवलं. सुतकाची आंघोळ करून ओलेते नानाजी खिडकीशी आले आणि एका झटक्यात खाली बसले.

“नानाजी, मी हाये गा!”

“जिता होता तं पत्राले उत्तर नाही देल्लं, अन् आता भूत होऊन आला? जिता असशीन तं लिहून दे!”

सत्यवतीबाईंनी कागद-पेन पुढे केलं. वामनरावांनी लिहिलं, ‘तुझे पत्र पावले.’ खोडलं. ‘मिळाले.’ खोडलं. ‘मी जिवंत’ लिहून ते थबकले. पेन्शनवाले ‘हयात’ म्हणतात. तेही लिहून खोडलं. शेवटी नुसती सही केली आणि दारातल्या पत्रांच्या फटीतून कागद आत सोडला.

आत कागद उलगडल्याचा आवाज झाला.

“इतकी खोडाखोड?” नानाजींचा आवाज आला. “मंग वामन्याच हाये!”

आणि कडी निघाली.