कमोड मालवणास नेला त्याची हकीकत

लालबागकर सुचित्राबाई घाडी यांणीं मालवण प्रांती मोहीम कैसी फत्ते केली, ते जैसे घडले तैसे लिहितों; पदरचे काही घातले नाही.

बाईसाहेब वयें बावन्न. मालवणातील माहेरचे बंद घर भावाकडोन मागोन घेतले, आणि दोघी जावांस सामील करोन तेथें न्याहारी-निवास स्थापिला. फलक लागला, मोबाइलावरी फोटो झळकले, परंतु तीन महिने पाहुणा म्हणोन कोणी फिरकेना. मग शिवाजी पार्कीचे निवृत्त इंजिनियर हेमचंद्रपंत बारा असामींनिशी येतो म्हणाले, आणि बाईंस आभाळ ठेंगणे जाहले. तों मंगळवारी पंतांचे फर्मान आले की, गुडघे नवे बसविले आहेत, सबब कमोड नसल्यास येणे रद्द. स्वारी शनिवारी यावयाची, आणि मालवणचे दुकानी माल आठ दिवसांनी येणार!

मग बाईंनी परळ गाठिले, पांढराशुभ्र कमोड हस्तगत केला, आणि गुरुवारी टॅक्सीत शेजारी बसवोन दादरास आणिला. येथें लढाई जुंपली. मालवणच्या खाजगी बसचा सारथी रामदास याणे हुकूम सोडिला, "मावशी, हा आयटम गाडीत नाय चढणार. फुटला तर बोंब माझ्या नावाने."

बाईंनी आर्जव केले, मग रागे भरल्या, आणि अखेरीस कमोड बसचे दारासमोर मांडोन खासा त्यावरी बैठक मारिली. उतारू हांसो लागले, मागील गाड्यांनी भोंग्यांचा कल्लोळ केला. बाईंस लाजेने घाम फुटला, परंतु उठल्या नाहीत.

"तुझ्या आवशीचे गुडघे दुखतत काय रे?" त्यांणीं पुसिले.

रामदास याचा आवाज खाली आला. "दुखतात ना आईचे. दोन वर्षं झाली, भिंत धरून उठते ती."

"मगे ह्यो काय शोभेक नेतंय मी?"

रामदास याणे आपली गोधडी काढोन कमोडास लपेटिली, खासा उचलोन आपले आसनामागे ठेविला, आणि हळूच परळच्या दुकानाचा पत्ता पुसोन घेतला.

शुक्रवारी प्रातःकाळी कमोड अभंग पोहोचला, आणि गवंडी शिवा याणे दोन प्रहरांत बसविला. शनिवारी पंत दाखल जाहले, आणि सामान न सोडितां प्रथम तिकडेच रवाना जाहले. बाई अंगणात जीव मुठीत धरोन उभ्या. मग पंत हंसतमुखें बाहेर आले, आणि दोन दिवसांचा मुक्काम पाच दिवसांचा केला ऐसे जाहीर करोन घावण्यांवर तुटोन पडिले.

येणेंप्रमाणें त्या मुलुखी सुचित्राबाईंचा अंमल बसला, आणि पक्का बसला.