गुलाबभाऊंचं नाक

आमच्या घरी आलेला माणूस आधी खुर्चीवर बसतो. गुलाबभाऊ आधी फ्रिज उघडतात.

सौसरला बदली होऊन आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी साडेसहाला एक काटकुळे गृहस्थ दारात चपला काढून, "शेजारी हावो तुमचा," एवढंच बोलले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. माझी बायको सुनंदा लाटणं हातात घेऊन बघतच राहिली. त्यांनी फ्रिजमधली कोथिंबिरीची पिशवी काढली, नाकाशी नेली आणि हळहळले.

"वहिनी, हे गुदमरून राहिली ना बाप्पा!"

मग मुळं छाटून, पानं पंच्यावर कोरडी करून, कागदात गुंडाळून त्यांनी ती डब्यात ठेवली. चहा उभ्यानंच प्याले.

धान्याच्या गोदामात तीस वर्षं चौकीदारी करून ते निवृत्त झाले होते. पोत्याजवळून जाता जाता त्यांना आतली कीड कळायची म्हणे. निवृत्तीनंतर ते नाक आमच्या गल्लीच्या वाट्याला आलं.

"सामान बोलते सर, आपल्यालेच आयकू येत नाही," असं ते रोज सांगत.

एका टोपलीत नांदणाऱ्या कांद्याबटाट्यांची त्यांनी फारकत केली. तुरीच्या डाळीला एरंडेल चोळलं. मिरच्यांची देठं खुडली. पांढुर्ण्याच्या मेहुण्यानं संत्र्यांची पेटी पाठवली, तर एकेक संत्रं तपासून खोलीभर सुटंसुटं मांडलं. "एक सडलं का साऱ्याइले घेऊन जाते!" दोन दिवस आम्ही उड्या मारत पलंग गाठत होतो. पण खरकट्याची बादली हलकी झाली, हे सुनंदालाही कबूल होतं. फक्त हा माणूस एका जागी टिकत नसे. वाक्य माझ्याशी सुरू करायचा आणि संपवायचा मात्र पिठाच्या डब्याशी.

आमच्या मुलीच्या बारशाला तर कहर झाला. पहाटेपासून गुलाबभाऊ आचाऱ्याच्या मागे. "भात एकदम नोका शिजवू. पंगत पाहून दुसरं गंज चढवा. तिकडं अन्न फेकायचं आन् इकडं त्यालेच हात जोडायचे, काहून?" आचारी वैतागला, पण त्यानं ऐकलं. नेमकी तेव्हाच पांढुर्ण्याची पाहुणेमंडळी दोन जीपांतून एकदम उतरली आणि भाताच्या पातेल्याचा तळ दिसला. दुसरा भात शिजेपर्यंत माझे सासरे कोरड्या पत्रावळीवर मिठाकडे बघत बसले.

सुनंदाचा तोल गेला. सगळ्यांसमोर म्हणाली, "भाऊ, आमच्या घरी काय उरते ते आमचं आम्ही पाहू!"

"बरं वहिनी," म्हणून ते निघून गेले. जेवलेही नाहीत.

चार दिवस ते फिरकले नाहीत. साडेसहाला आम्ही दोघंही दाराकडे बघायचो आणि एकमेकांना ते दिसू द्यायचो नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी सुनंदाच म्हणाली, "जाऊन या ना. मी जास्तच बोलली."

मी गेलो. गुलाबभाऊ स्वयंपाकघरात येरझारा घालत होते. मला बघून गडबडले. "बसा, बसा," म्हणत एकेक डबा उघडू लागले, फ्रिज उघडला, परत लावला. आत दुधाचं पातेलं आणि पाण्याची बाटली.

"पाहा सर, तुमाले द्यायले तयार काहीच नाही."

"तुमच्याकडे काही उरतच नसेल," मी हसत म्हटलं.

ते हसले नाहीत. "एका मानसाचं काय उरते? कमल होती तवा रोज एक पोळी जास्त करे. कोनी आलं तं, म्हने. मी रोज चिडू. सारा संसारभर त्या एका पोळीवरून बोललो तिले." ते ओट्यावरचा न पडलेला डाग पुसत राहिले. "दोन सालं झाले तिले जाऊन. मी मोजून दोन लाटतो. काईच वाया जात नाही."

 आणि त्यांनी एकदम परात ओढली आणि कणीक भिजवायला घेतली. मी नको नको म्हणत होतो. वेड्यावाकड्या पाच पोळ्या झाल्या. तेल-चटणीशी आम्ही दोन-दोन खाल्ल्या.

एक उरली. आता हिचा कुस्करा कसा करायचा, हे ऐकायला मी थांबलो. गुलाबभाऊंनी तिच्यावर स्वच्छ फडकं घातलं, आणि पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.