घाडीमामांचं हाऽऽ

घाडीमामा भेटले की नमस्कार-चमत्कार काही करत नसत. सरळ तोंडासमोर तोंड आणून म्हणायचे, "हाऽऽ! येता काय वास?"

दहिसरच्या चाळीत नवा आलो तेव्हा मी घाबरून भिंतीला चिकटलो. "नाही येत हो!"

"नाय ना?" मामा खूश होऊन पुढच्या माणसाकडे.

मामा एके काळचे अट्टल बेवडे. पण सोडली म्हणजे सोडली. दर बुधवारी संध्याकाळी शाळेच्या एका वर्गात आमची मीटिंग भरायची. सगळे दारू सोडलेले, नाहीतर सोडू बघणारे. मलाही मामांनीच तिथे ओढत नेलं. दारात तेच उभे. नाव-गाव नंतर, आधी "हा कर." एखादा पिऊन आला तरी हाकलायचे नाहीत. "इलंस ना? बस," म्हणून त्याला आपल्या शेजारी दाबून बसवायचे.

वेलची, बडीशेप, पान, सगळं बंद. "कांदो खा रे! कसो उघड उघड वास मारता. त्या वेलचीवर माझो विश्वास नाय." खोकल्याच्या औषधातही दारू असते म्हणून तेही घेत नसत. खोकायचे मामा आणि जागी राहायची चाळ!

ही हाऽऽ करायची सवय मामींनी लावलेली. मामा कामावरून आले की मामी दार अडवून उभ्या. मामांनी हाऽऽ करायचं, मामींनी वास घ्यायचा, मग बाजूला व्हायचं. अहो, नळावरून बादली घेऊन आले तरी तेच! "दहिसरचो चेकनाको परवडलो, ह्यो नाय," असं मामा तक्रार केल्यासारखं सांगायचे आणि गालातल्या गालात हसायचे.

मामी तापाने गेल्या. तेराव्यानंतर पाहुणे पांगले आणि आमचं धाबं दणाणलं. आता मामा पुन्हा प्यायले तर? ते प्यायले असते तर आम्हा सगळ्यांचीच वाट लागली असती.

त्या बुधवारी ते मीटिंगला आलेच नाहीत. मी उठलो आणि थेट अड्डा गाठला. तिथे मामा नव्हते. खोटं कशाला बोलू, वास आला तसे माझेच पाय अडखळले. पण निघालो.

चाळीत परत आलो तर मामा आपल्याच उंबऱ्याबाहेर बसलेले. दार सताड उघडं.

"मामा, आत का जात नाही?"

"कसो जाव?" ते म्हणाले. "वास घेवक कोण आसा?"

मी आत गेलो आणि मामी उभ्या राहायच्या तसा दार अडवून उभा राहिलो. "करा हा."

मामांनी केलं. निम्मा हुंदकाच होता तो. कांद्याचा भपकारा आला, बाकी काही नाही. मी बाजूला झालो. "या आत."

मामा आत आले. डोळे पुसले. मग माझ्याकडे नीट बघत म्हणाले, "तू खयसून इलंस रे?"

"अड्ड्यावरून," मी बोलून गेलो. "म्हणजे, तुम्हाला शोधायला..."

"तां माका सांगू नको. हा कर."

मी केलं. मामा कितीतरी वेळ वास घेत राहिले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"नाय येत. बस, चाय ठेवतंय."