सांबारावरची बंदी

किट्टण्णा पंगतीला बसले की आतल्या बायका देवाचं नाव घ्यायच्या. कारण हा गृहस्थ जेवत नसे, पेपर तपासत असे. पहिला घास घ्यायचा, डोळे मिटायचे, खिशातून वही काढायची आणि दहापैकी मार्क लिहायचे. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात, तिरुविडैमरुदूरला, भर पंगतीत त्यांनी आचाऱ्याला बोलावून घेतलं. "सारास सहा. मीठ आपण होऊन आलें नाही, बोलवावें लागलें."

"अहो अण्णा, लग्नघर आहे, गप्प बसा की!" मी म्हटलं.

"भांडण कशास? मार्क पाहा," ते म्हणाले आणि भाताकडे वळले. हे त्यांचं पालुपद. आम्हा कुंभकोणच्या मराठी लोकांचं बोलणं पुण्याच्या पाहुण्यांना पोथीतलं वाटतं. वाटू दे बापडं. किट्टण्णांचं मात्र पोथीपेक्षाही जुनं.

ते आमचे शेजारी. तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत साड्यांच्या काठांची नक्षी चौकटीच्या कागदावर काढायचे. नव्वदच्या सुमाराला त्यांची बायको सकूअक्का वारली. मूलबाळ नाही. घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा संध्याकाळी ते रस्त्यावर उभे राहून गल्लीतल्या पोरांचा खेळ बघत. पोरं पैलवानांचे पत्ते खेळायची. उंची, वजन, छाती. ज्याच्या पैलवानाचा आकडा मोठा, त्यानं दुसऱ्याचं पान घ्यायचं.

"खेळ उत्तम आहे," किट्टण्णा मला म्हणाले. "पण पद्मा, पैलवान कशास?"

महिनाभरात जेवणाचे पत्ते तयार! मागावरची जुनी, नक्षीसाठी भोकं पाडलेली पुठ्ठी कापून त्यांवर पदार्थ रंगवले होते, काही तर चारपाचदा. पानं एकूण चाळीस आणि प्रत्येकाखाली चार रकाने: चव, वास, पोटभरी आणि दुसऱ्या दिवशीची चव. "रविवारीं अस्के या," त्यांनी सांगितलं. अस्के म्हणजे सगळे. सगळे म्हणजे मी, आमचे हे आणि कोपऱ्यावरचे कॉफीपूडवाले सुंदरम. सुंदरमना मराठी येत नसे, पण आकडे चांगले कळत. पुठ्ठ्यांवरच्या भोकांवरून ते आमची पानं पाठीमागूनच ओळखतात, हे कळायला आम्हाला दोन रविवार लागले. मग किट्टण्णांनी प्रत्येक पानाच्या पाठीला साडीच्या खोक्याचा कागद डकवला.

प्रत्येकाची दहा पानं ठरलेली, डाव संपला की ज्याची त्याला परत. आधी अदलाबदल, मग खेळ. उप्पिटाला कुत्रं विचारत नसे. "चार उप्पिटं घ्या, पण एक वडा द्या हो," असं आमचे हे काकुळतीला येऊन म्हणत. सुंदरमना धंद्यापायी कॉफी सोडवत नसे. वास दहा, पोटभरी एक. दर रविवारी पोटभरीवर मार खात बिचारे.

आणि मग ते सांबार. चारही रकान्यांत दहा! बरोबरी झाली तरी जीत सांबारवाल्याची, असा नियमही अण्णांनीच केलेला. ते पान आमच्या ह्यांच्या हाती लागलं आणि संपलंच. आमचे हे सांबार टाकणार, समोरचं पान उचलणार, परत सांबारच टाकणार. पाव तासात खेळ खलास. अदलाबदलीत ते देतात कसले! घरी येऊन वर मिशीला पीळ. बाकीची एकोणचाळीस पानं इतक्या हौसेनं रंगवलेली, त्यांच्याकडे कोणी बघेना. चौथ्या रविवारी सुंदरम आलेच नाहीत. दुकानात माल आलाय, असा निरोप पाठवला. रविवारी कसला डोंबलाचा माल!

मी सरळ सांगितलं, "अण्णा, हे असंच चालणार असेल तर पुढच्या रविवारपासून मीही येत नाही."

त्यांचा चेहरा उतरला. रविवारी सकाळपासून दोनदा ओटा धुऊन वाट बघणारा माणूस तो. मला वाईट वाटलं, पण राग जास्त होता.

"सांबार आमच्याच लोकांनी तंजावरच्या राजवाड्यांत प्रथम केलें," ते म्हणाले. "त्यास नऊ देऊं?"

"पोटभरीला पाच करा, वासाला सहा करा. चवीचे दहा राहू द्या. मिटलं!" मी गणिताची मास्तरीण, माझ्या दृष्टीनं हिशेब सोपा होता.

त्यांनी ह्यांच्याकडून पान मागून घेतलं, कुंचला शाईत बुडवला आणि पानापाशी नेला. हात तसाच राहिला. शाईचा थेंब धोतरावर पडला तरी हलेनात.

"राजवाडा गेला खड्ड्यात हो अण्णा! इथे खेळ मोडतोय."

"राजवाड्याचें नव्हे," ते हळूच म्हणाले. "सकूचें आहे. तीस वरुषें रोज विचारी, आज किती? मी म्हणें, आठ. कधीं साडेआठ. चढून जाईल म्हणून दहा कधीं दिलेच नाहीत, पद्मा. आतां दिले, ते परत घेऊं?"

आमचे हे ओट्याच्या कडेकडे बघत बसले.

किट्टण्णांनी कुंचला पुसून ठेवला. "तुमचें बरोबर आहे. एकटें सांबारच जिंकू लागलें तर कोण येईल? त्यास खेळांतून काढतों. पण मार्क कमी करणार नाही."

पुढच्या रविवारी सुंदरम आले. सांबाराच्या जागी ह्यांना आणखी एक उप्पिट मिळालं होतं, त्यावरून बराच आरडाओरडा झाला. पहिल्यांदाच सगळ्यांनी सगळी पानं नीट पाहिली. मध्येच पाणी प्यायला मी आत गेले, तर चुलीच्या वरच्या फळीवर, हिंगाच्या डबीला टेकून, ते पान उभं केलेलं होतं. तिथे उभी राहून मी सकूअक्काशी मनात चार शब्द बोलले, डोळे पुसले आणि बाहेर आले.

"अण्णा," मी म्हटलं, "आणखी एक डाव मांडा. मला घाई नाही."