किसनतात्या हलके झाले

लोणावळा स्टेशनात गाडी थांबली की बाकीचे टांगेवाले उतारूंच्या बॅगांवर झडप घालायचे. आमचे किसनतात्या मात्र जागचे न हलता उतारूंची अंगं न्याहाळायचे. काडीपैलवान दिसला की मान फिरवायची, आणि एखादं गुबगुबीत जोडपं दिसलं की आरोळी, "या शेट, तुमच्यासाटीच थांबलोय!"

कारण साधं होतं. तात्यांचा देह असा की ते पुढं बसले की टांग्याचं सगळं ओझं घोडीच्या पाठीवर यायचं. मागं तसाच ऐवज बसला तर घोडीला जरा बरं. "तोल पायजे बाबू, तोल!" हे त्यांचं पालुपद. मी स्टेशनावर तिकीटबाबू आणि शेजारच्या खोलीत राहणारा, म्हणून हे प्रवचन रोज माझ्या वाट्याला. एकदा एक वाळकुडा वकील हट्टानं टांग्यात चढला, तर तात्यांनी रस्त्याकडेचे दोन धोंडे उचलून त्याच्या शेजारी ठेवले. वकील तुंगार्लीपर्यंत ते धोंडे धरून बसला.

आणि खाणं? अहो, काय सांगू! माझ्या बायकोनं करपवलेलं पिठलंसुद्धा या माणसानं "लय झ्याक" म्हणत दोनदा मागून घेतलंय. अन्नाला नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं. नाही म्हणायचे ते फक्त एका घरच्या अन्नाला. लेकीच्या.

येसू त्यांची एकुलती एक. बायको गेल्यावर आईबाप दोन्ही होऊन तात्यांनीच तिला वाढवलं आणि लोहगडाच्या अंगाला एका वाडीत दिली. टांगा डोंगराच्या पायथ्यापर्यंतच जायचा, पुढं उभा चढ. तात्यांना चार पावलांत धाप लागायची. मग येसूच खाली उतरायची, फडक्यात पुरणपोळी बांधून. पण लेकीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा रिवाज तात्यांनी कडक पाळला. ती पोळी मी खायचो आणि तात्या माझ्या तोंडाकडं बघत बसायचे. "तूप किती घातलंय, बाबू? मायसारखा हात हाय तिचा," म्हणायचे.

तुंगार्लीला बंगला असलेले मुंबईचे एक सर्जन हे तात्यांचं लाडकं गिऱ्हाईक, कारण तेही वजनदार. तात्यांची धाप ऐकून त्यांनी एक नवंच ऑपरेशन सुचवलं. आतड्याचा बराचसा भाग बाजूला टाकायचा आणि वरचं टोक खालच्या टोकाला जोडायचं, म्हणजे खाल्लेलं अंगी लागतच नाही. तात्या खूश! "म्हंजी घाटाची वळणं गाळून गाडी थेट खोपोलीला!"

डॉक्टरांनी धोकेही सांगितले. पोट सारखं धावेल, तेलतूप पचणार नाही, अशक्तपणा येईल, जन्मभर गोळ्या घ्याव्या लागतील, आणि टेबलावरच काही बरंवाईटही होऊ शकतं. तात्यांनी एकच प्रश्न विचारला, "चढ चढता यील का?"

"जगलात वाचलात तर येईल."

"मग करा. बाबू, घोडीला तेवढं दाणापाणी बघा."

वर्षभरात तात्या निम्मे झाले. गुडघे दुखायचे थांबले, धाप गेली. घोरणंही थांबलं, तेव्हा मलाच कितीतरी दिवस झोप येईना. पण केस गळाले, तोंड उतरलं, अर्ध्या भाकरीवर हात धुवायची पाळी आली. चमचाभर तूप पोटात गेलं की तांब्या घेऊन पळायचे. दुसरा कुणी नशिबाला बोल लावत बसला असता. हे पठ्ठे मात्र टांग्याच्या काळजीत! पुढचं वजन घटल्यामुळं टांगा आता मागं कलायचा. तात्यांनी आपल्या बैठकीखाली धोंडा बांधला आणि स्टेशनावर वाळकुडे उतारू शोधू लागले. तो जुना वकील दिसला तेव्हा त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली.

येसूला मात्र त्यांनी "पोटातला गोळा काढला" एवढंच सांगितलं होतं.

आणि एक दिवस निरोप आला, येसूला मुलगी झाली. बारशाला तात्या मला घेऊन निघाले. सगळा चढ माझ्या पुढं चढून गेले हो! धापा मी टाकत होतो. दारात येसू बापाकडं बघतच राहिली. "आबा, तुमी वर आला?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

पान वाढलं. पुरणपोळी, तीवर वाटीभर तूप. मी हळूच म्हटलं, "तात्या, तूप!"

"गप बसा बाबू."

त्यांनी पोळी तुपात बुडवली आणि डोळे मिटून खाल्ली. मग दुसरी मागितली. येसूचं तोंड नुसतं फुललं होतं.

उतरताना व्हायचं तेच झालं. दर वळणाला तात्या झुडपाआड, आणि मी तांब्या घेऊन वाटेत उभा. शेवटी पांढरेफटक होऊन दगडावर टेकले. मी चिडलो, "काय हा अविचार! थांबा, येसूला आत्ताच वर जाऊन सगळं सांगतो."

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"नगा बाबू, पाया पडतो. पुढच्या येळंला ती तूप घालायची न्हाई."