सुकापूरच्या विहिरीत तीन तास एकोणचाळीस मिनिटं

एकतीस वर्षं मी वीज मंडळाच्या मीटर तपासणीच्या लॅबमध्ये काढली. माझं सील लागलेला एकही मीटर कधी परत आला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण गेल्या जानेवारीपासून न्यू पनवेलमधल्या आमच्या सोसायटीत माझ्याबद्दल बरंच काही बोललं जातं, आणि बोलणाऱ्यांपैकी एकालाही मीटर म्हणजे काय हे कळत नाही.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी मी स्कूबा डायव्हिंग शिकायला लागले. पाठीवर हवेची टाकी लावून समुद्रात उतरतात, ते. वय एकोणसाठ. या वयात बाईनं काय काय करावं याच्या सूचना मला तोवर भरपूर मिळाल्या होत्या. भजनी मंडळ झालं, गुडघ्यांची योगासनं झाली, कुणाच्या तरी नातवाचं स्वेटर झालं. पाण्याखाली जा असं कुणी म्हणेना, म्हणून म्हटलं तेच करू. माझ्या यजमानांनी, अविनाशनी, दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या चहाशेजारी वर्तमानपत्राचं एक कात्रण ठेवलं, 'उतारवयात कानांची काळजी'. मी कप उचलून त्याच्यावर ठेवला.

खारघरच्या एका स्विमिंग पुलात सहा रविवार रोशनी नावाच्या सव्वीस वर्षांच्या मुलीनं मला शिकवलं. आता राहिला होता समुद्र. शुक्रवारी संध्याकाळी पनवेलहून गाडी, शनिवार-रविवार सकाळी मुरुडेश्वरजवळच्या बेटापाशी बुडी, की कोर्स पुरा.

आमचा मुलगा निनाद बंगळूरला असतो. त्यानं विरोध केला नाही, फक्त डाइव्ह कॉम्प्युटर लावूनच पाण्यात उतरायचं अशी अट घातली आणि अटीसोबत तो पाठवून दिला. दिसायला हे जाडजूड मनगटी घड्याळच. तुम्ही पाण्यात किती खोल आहात, किती वेळ झाला, आणि वर किती सावकाश यायचं हे ते सांगतं. खोलात फार वेळ राहून एकदम वर आलं, तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे रक्तात बुडबुडे होतात. ते होऊ नयेत म्हणून हे घड्याळ. त्याचं ॲप माझ्या फोनमध्ये होतं, पण खातं निनादच्या नावाचं, म्हणजे घड्याळात काय नोंद झाली ते त्यालाही तिकडे दिसणार. यालाच तो काळजी म्हणत होता. आमच्याकडे याला दक्षता पथक म्हणायचे.

रोशनी म्हणाली, घड्याळ माझ्याकडे द्या, दोन मिनिटांत सेट करते. मी तिला म्हटलं, बाळ, तू जन्मायच्या आधीपासून मी मीटर लावतेय.

गुरुवारी दुपारी जेवण आटोपून बसले. तारीख लावली, वेळ लावली. फूट की मीटर असं विचारलं. मला हे विचारणं म्हणजे अपमानच. मग हवेत ऑक्सिजन किती टक्के. एकवीस. कळंबोलीकडून धुराचा वारा असला की आमच्या गॅलरीत एवढा भरत असेल का अशी शंका आली, पण टाकीतली हवा मुरुडेश्वरची असणार, म्हणून एकवीसच ठेवलं. शेवटी घड्याळानं विचारलं की तुम्ही कितपत जपून राहणार, आणि तीन पायऱ्या दाखवल्या. मी पहिलीच दाबणार होते, पण अविनाश मागे उभे राहून वाचत होते. घरात शांतता राहावी म्हणून तिसरी दाबली. फार फार जपून.

घड्याळ तयार झालं. पण तपासल्याशिवाय मीटर भिंतीवर चढवायचा नाही, हा माझा नियम. बादलीत बुडवलं तर खोली शून्य पूर्णांक तीन दाखवली. ही काही तपासणी नव्हे. दहा मीटर खाली जाणाऱ्या वस्तूची तपासणी दहा मीटरवरच व्हायला हवी, आणि पनवेल परिसरात दहा मीटर पाणी कुठं आहे ते मला पक्कं माहीत होतं.

सुकापूरला विठूदादांची विहीर आहे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी तक्रार केली होती की पंपाचा मीटर पळतो. मी तो तपासून बरोबर असल्याचा शेरा दिला होता. विठूदादा ते विसरले नव्हते, पण माणूस दिलदार. शुक्रवारी सकाळी स्कूटरवरून गेले, काय करायचंय ते सांगितलं, तर म्हणाले, "सा पुरुस पानी हाय, सोडा खुशाल. पन आता तुमचा मीटर चुकला तर आमी शेरा देनार." सहा पुरुष म्हणजे दहा मीटरच्या वरच.

नायलॉनच्या दोरीला घड्याळ बांधलं, त्याखाली घरून आणलेला पितळी खलबत्त्यातला बत्ता बांधला आणि बरोबर दहा वाजता सोडलं. वीस मिनिटांनी वर घ्यायचं होतं. वीस मिनिटांनी ओढलं, तर दोरी हलेना. बत्ता खाली पंपाच्या पाइपमागे कुठंतरी अडकला होता. मी ओढलं, विठूदादांनी ओढलं, शेवटी दोघांनी मिळून ओढलं. त्यात माझ्या सँडलचा पट्टा तेवढा तुटला.

बुडालेल्या कळशा काढायचा गळ लागणार होता, आणि तो होता बेलपाड्याला विठूदादांच्या व्याह्यांकडे. विठूदादा मोपेड काढून निघाले. अर्ध्या तासात येतो म्हणाले. आता व्याह्याच्या दारात गेलेला माणूस जेवल्याशिवाय सुटतो का? तो सुटला सव्वा वाजता. तोवर मी काठावर बसून फोनवर पाण्याखालचे व्हिडिओ पाहत होते. समुद्राच्या तळाचे सगळे नियम मला पाठ झाले आणि फोनची बॅटरी लाल झाली.

एक वाजून एकोणचाळीस मिनिटांनी गळ दोरीला लागला. विठूदादांनी हिसका दिला, बत्ता सुटला, आणि त्या आनंदात आम्ही दोघांनी दोरी अशी खेचली की चार-पाच सेकंदांत घड्याळ वर! ते किंचाळतच बाहेर आलं. पडद्यावर लाल अक्षरं, मोठं कुलूप आणि अठ्ठेचाळीस तास असा आकडा. बराच वेळ विचार केल्यावर लक्षात आलं की घड्याळाच्या मते मी साडेतीन तासांहून जास्त वेळ तळाशी बसून मग तोफेच्या गोळ्यासारखी वर आले होते. त्यामुळे दोन दिवस मला पाण्यात उतरायची मनाई होती. विमानात बसायचीही होती. फोननं हे सगळं घड्याळाकडून इमानेइतबारे घेतलं, पुढे पाठवलं, आणि बंद पडला.

तुटलेल्या सँडल काठावरच सोडून दिल्या, डिकीतल्या, स्विमिंग पुलावर वापरायच्या स्लिपर घातल्या आणि कुलूप निघतंय का बघायला जुन्या पनवेलमध्ये एका घड्याळजीकडे गेले. त्यानं तासभर भिंगातून पाहिलं आणि पट्टा बदलून देऊ का असं विचारलं. विठूदादा तेवढ्यात व्याह्यांचा गळ परत द्यायला पुन्हा बेलपाड्याला गेले. म्हणजे विहिरीवर आता कुणीच नव्हतं. फक्त माझ्या सँडल होत्या.

इकडे बंगळूरला मीटिंगमध्ये बसलेल्या निनादच्या फोनवर आलं होतं: खोली दहा पूर्णांक आठ मीटर, वेळ तीन तास एकोणचाळीस मिनिटं, वर येण्याचा वेग धोकादायक, ठिकाण पनवेल. टाकीतली हवा तासभर पुरते हे त्याला ठाऊक होतं. माझा फोन बंद. त्यानं वडिलांना फोन करून आई कुठे आहे विचारलं. सकाळी मी निघताना सांगितलं होतं की सुकापूरला विहिरीवर जाते, आणि अविनाशनी शब्दकोड्यातून मान वर न करता "हं" म्हटलं होतं. ते "हं" त्यांना आत्ता आठवलं.

साडेतीनला मी घरी पोचले तर दाराला कुलूप. समोरच्या चारुतानं दार उघडलं, मला पाहिलं आणि भिंत धरून खाली बसली. मग हळूहळू सांगितलं की काका सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन रिक्षानं सुकापूरला गेलेत, कारण तुम्ही विहिरीत आहात.

मी आल्या पावली स्कूटर फिरवली. विहिरीभोवती दोनशे माणसं, अग्निशमन दलाची गाडी, दोरखंड. पुढे घुसायला लागले तर एका गावकऱ्यानं अडवलं.

"बाय, मागं व्हा. आत बाई पडलेली हाय."

"कोण बाई?"

"रिटायर हाय कोनतरी. लायटीच्या हापिसातली."

त्याच्या खांद्यावरून मला अविनाश दिसले. घरातला लेंगा, हातात माझ्या दोन्ही सँडल. दलाचे अधिकारी वहीत लिहून घेत होते. वय विचारलं, ते अविनाशनी बरोबर सांगितलं. मग पोहता येतं का, असं विचारलं.

"येतं म्हणजे? उद्या समुद्रात उतरणार आहे ती," अविनाश म्हणाले. त्यांचा आवाज चिरकत होता. "साठीला आलीय, पण पोरांच्या वर्गात पहिली आली. आणि मी मूर्ख, तिला कात्रणं देत बसलो."

आमच्या वर्गात नंबर नव्हते. तरी मी ते खोडलं नाही. आणि खरं सांगते, मी त्याच क्षणी ओरडायला हवं होतं. पण चौतीस वर्षांच्या संसारात असं काही पहिल्यांदाच कानावर पडत होतं, म्हणून आणखी काही येतंय का ते ऐकायला मिनिटभर थांबले. तेवढ्यात एका जवानानं काठावरून पाय आत टाकला आणि मला हात वर करावाच लागला.

"थांबा. मी इथे आहे."

दोनशे माना वळल्या. अविनाशनी माझ्याकडे पाहिलं, विहिरीत पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"मग आत कोण आहे?"

हाच प्रश्न अधिकाऱ्यांनाही पडला होता. आत कुणी नाही, हे पटवायला पंधरा मिनिटं लागली. घड्याळ दाखवलं, कुलूप दाखवलं, ओली दोरी दाखवली. शेवटी त्यांनी घटनेचं कारण या रकान्यात 'घड्याळ' एवढंच लिहिलं आणि माझी सही घेतली. एवढ्यात विठूदादा मोपेडवरून आले, गर्दी बघून थबकले आणि म्हणाले, "आता काय पाडलाव, बाई? गळ तर मी देऊन आलो."

घरी येईपर्यंत अविनाशच्या फोनवर निनादचे चौदा फोन येऊन गेले होते. आता जाऊ नकोस म्हणाला, कॉम्प्युटर स्पष्ट 'नाही' म्हणतोय. सेक्रेटरी सोफ्यावर बसून चहा पीत होते. त्यांनीही मान हलवून "वहिनी, आता पुरे" असा निर्णय दिला. मी बॅग भरत होते.

"निनाद, मीटर चुकलेला नाही," मी म्हटलं. "मीटर अगदी बरोबर आहे. पण ज्याच्या घरात लावला त्याचंच रीडिंग तो दाखवणार. तो विहिरीत होता. मी काठावर बसले होते. माझ्या रक्तात बुडबुडे नाहीत, आणि असलेच तर ते तुम्हा लोकांच्या बोलण्यानं झालेत. गाडी साडेसहाची आहे."

रोशनीला फोन केला. ती इतकी हसली की मला फोन लांब धरावा लागला. मग म्हणाली, काकू, तुम्ही पाण्यात गेलाच नाहीत तर बिनधास्त या, माझ्याकडचा जास्तीचा कॉम्प्युटर देते, पण त्याला हात लावायचा नाही. मी कबूल केलं. सेक्रेटरी चहा संपवायच्या आत अविनाश उठले, माझी बॅग उचलली आणि जिन्यानं खाली उतरले. पनवेल स्टेशनवर गाडी हलेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. फक्त गाडी सुटताना, कान दुखला तर वर ये, एवढं म्हणाले.

शनिवारी सकाळी होडीत माझ्या निम्म्या वयाची तीन पोरं लाटांनी उलट्या करून पिवळी पडली होती. मी चिवडा खात होते. मग पाठीमागे कलंडून पाण्यात पडले, दोरीला धरून खाली गेले. तीन मीटरवर कान दुखायला लागला. थोडी वर आले, नाक दाबून फुंकर मारली, कान सुटला, आणि मी तळाला पोचले. तळाला, वाळूवर, स्वतःच्या गुडघ्यांवर. ज्यांना पुरे वाटत होतं ते सगळे तेव्हा पनवेलमध्ये चहा पीत असतील.

होडीत आल्याबरोबर घरी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. अविनाशनी कान विचारला, मग जरा घुटमळून विचारलं, काय काय दिसलं खाली?

कमाल खोली अकरा पूर्णांक दोन, मी सांगितलं. एकूण वेळ चौतीस मिनिटं, तापमान सत्तावीस, वर येण्याचा वेग पूर्णवेळ मर्यादेत.

"ते झालं गं. मासे कसले होते?"

आता काय सांगू? रोशनी म्हणते डोक्यावरून एवढं मोठं कासव गेलं, माशांचे थवेच्या थवे होते, तिनं तीनदा माझा खांदा हलवला. मी चौतीसच्या चौतीस मिनिटं मनगटाकडे बघत होते.

"पापलेट," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.