साळिंदरीण राजधानीत खरेदीला जाते

एका जंगलात, बाळांनो, कुणाला कशाचीच कमी नव्हती. म्हणून मग त्यांनी क्रूझ काढली.

क्रूझ म्हणजे एक मोठा तराफा. वर मांडव, पुढे ओढायला सुसरी आणि दिवसभर खाणं. नदीही असते, पण ती बघायला मान वळवावी लागते आणि ताट तर समोर असतं. त्यामुळे नदी कुणी बघितली नाही. सगळे खाऊन खाऊन उताणे पडले आणि एकमेकांना म्हणाले, काय निसर्ग आहे.

या तराफ्यावर भागू नावाची एक साळिंदरीण होती. तिला नदीशी घेणं नव्हतं आणि ताटाशीही नव्हतं. ती आली होती शेवटच्या दिवसासाठी. क्रूझ संपली की परतीच्या वाटेवर अर्धा दिवस राजधानी दाखवणार होते. स्थलदर्शन आणि खरेदी, दोन्ही मोफत. म्हणजे खरेदी मोफत नव्हती, खरेदीला नेणं मोफत होतं. हा फरक मोठेपणी कळतो, आणि तोवर पिशव्या भरलेल्या असतात.

राजधानीत भागूची थोरली बहीण राहायची, गोदाअक्का. लग्न होऊन गेली ती गेलीच. करकोच्यांबरोबर निरोप तेवढे यायचे. राजवाड्यासमोर बंगला आहे. बंगल्याला गॅलरी आहे. गॅलरीत बसून आम्ही राजवाडा बघत चहा पितो. जंगलात त्या गॅलरीचं इतकं कौतुक चालायचं, की धाकट्या पोरांना गॅलरी ही अक्काची मुलगीच वाटायची.

भागू निघाली तेव्हा म्हाताऱ्या आईने तिच्या हातात कंदाच्या लोणच्याची बरणी दिली.

"बंगला बघत बसू नकोस," आई म्हणाली. "तिला बघून ये. माझे पाय आता काही तिथवर पोचायचे नाहीत."

आता ही आई कोण होती, ते सांगायला हवं. तरुणपणी ती बाजारात शिरली की दुकानदार देवाचं नाव घ्यायचे. घासाघीस करावी तर तिनेच. तिची एक युक्ती होती. भाव अडला की वस्तू खाली ठेवायची, दारापर्यंत जायचं, उंबऱ्यात एक पाय उचलायचा आणि तसाच अधांतरी धरायचा. मागे वळून बघायचं नाही. दुकानदाराचा धीर सुटतो आणि तो हाक मारतो. ही युक्ती तिने दोन्ही मुलींना शिकवली होती आणि बाहेर कुणाला सांगायची नाही, अशी शपथ घातली होती. दुसऱ्या घरांत मुलींना दागिने देतात. या घरात पाय दिला होता.

तर राजधानी आली. घाटावर टिटवी उभी होती. ती गाईड. काठीला पळसाचं फूल बांधून तिने ती काठी उंच धरली आणि ओरडायला सुरुवात केली.

"सगळ्यांनी फुलामागे या. फूल दिसेनासं झालं तर तुम्ही हरवलात असं समजा."

भागू पुढे झाली. "ताई, राजवाड्यासमोर माझी बहीण राहते. तिथे उतरू का? परत येते लगेच."

"वैयक्तिक भेटीगाठी कार्यक्रमात नाहीत," टिटवी म्हणाली. "राजवाड्यापाशी गाडी हळू करू. खिडकीतून बघून घ्या."

बैलगाडी निघाली. डावीकडे किल्ला, उजवीकडे किल्ल्याचा राहिलेला भाग. अण्णा गव्याने प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारला, इथे चहा मिळेल का. रानडुकरीण वहिनींनी एकही वास्तू पाहिली नाही, कारण प्रत्येक वास्तूकडे त्यांची पाठ होती आणि त्यांच्या पुढ्यात चित्र काढणारं माकड होतं. वास्तूपुढे वहिनी, असं चित्र हवं होतं त्यांना. वास्तू त्यांच्यामागे पूर्ण झाकली गेली, तो भाग वेगळा.

राजवाडा आला तशी भागूने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. समोरच्या बाजूला गाडीतळ होता, चाऱ्याचे ढीग होते, एक लांबच लांब दुकान होतं. बंगला नव्हता. मागच्या बाजूला असेल, तिने मनाशी म्हटलं. तेवढ्यात राजवाडा संपला.

आणि मग गाडी थांबली. सकाळपासून जी कुठेच धड थांबली नव्हती, ती राजवाड्याला वळसा घालून त्याच लांब दुकानापुढे ऐटीत उभी राहिली. दुकान मुंगूसशेठचं. मुंगूसशेठ टिटवीला ताई म्हणत. कोण कुणाची ताई, ते तुमचं तुम्ही समजून घ्या.

"इथे भरपूर वेळ आहे," टिटवी गोड आवाजात म्हणाली.

भागू बरणी पोटाशी धरून शेजारच्या गल्लीकडे सटकणार, तोच वहिनींनी तिला पकडलं. "भागूताई, तुम्ही कुठे चाललात? भाव कोण करणार? हे लोक आम्हाला कापून काढतील."

झालं. बाईचं घोडं इथेच पेंड खातं. तुम्ही छान गाता म्हटलं असतं तर भागू थांबली नसती. तुम्हीच भाव करू शकता म्हटलं, आणि ती थांबली. एकाच वस्तूचा भाव करून देते, असं ठरवून ती आत शिरली.

वहिनींसाठी चेहऱ्याला लावायच्या मातीचं पाकीट निम्म्या भावात मिळवलं. पाकिटावर त्यांच्याच जंगलाचं नाव होतं. वहिनी त्याच मातीत जन्मभर फुकट लोळल्या होत्या, पण तिथे पाकीट नव्हतं ना. मग अण्णांसाठी लाकडी राजवाडा. मग कुणाची तरी सून, कुणाचे तरी शेजारी. परगावाहून रिकाम्या हाती परत जायचं नाही, ही रीत. भागू भाव पाडत होती आणि ऊन कलत होतं.

मग तिला एक निळी शाल दिसली. ही अक्काला, तिने ठरवलं. एवढी घ्यायची आणि पळायचं.

"शंभर चिंचोके," मुंगूसशेठ म्हणाले.

"वीस."

"बाई, वीसमध्ये तुम्हाला काठ देतो. शाल राहू द्या."

भागूने शाल खाली ठेवली. ती दारापर्यंत गेली. उंबऱ्यात तिने पाय उचलला आणि अधांतरी धरला. मुंगूसशेठनी हाक मारायला तोंड उघडलं. एवढ्यात पडद्यामागून, गल्ल्यावरून, आवाज आला.

"बोलावू नका तिला, शेठ. पाय उचललाय ना? ठेवेल खाली. त्या पायात काही दम नसतो."

भागूचा पाय वरच राहिला. जंगलात, राजधानीत, नदीच्या अल्याड किंवा पल्याड, आई आणि भागू सोडून हे माहीत असलेली एकच व्यक्ती होती.

"अक्का?" ती म्हणाली.

पडदा बराच वेळ हलला नाही. मग बाजूला झाला. गोदाअक्काचे पुढचे काटे विरळ झाले होते. अंगावर दुकानाचा एप्रन होता.

साळिंदरं गळ्यात पडत नाहीत, बाळांनो. पडली तर वैद्याकडे न्यावी लागतात. दोघींनी नाकाला नाक लावलं आणि उभ्या राहिल्या. भागू रडली. अक्काही रडली, पण एक डोळा गल्ल्यावर ठेवून.

"आणि बंगला?" भागूने विचारलं.

अक्काने वर बोट दाखवलं. दुकानाला माळा होता. माळ्याला हातभर खिडकी होती. "तिथून राजवाडा दिसतो. तिला गॅलरी म्हणायची."

"आणि भावोजी?"

"त्यांचं सांगायला घेतलं तर तुझी गाडी सुटेल."

बाहेर टिटवी ओरडायला लागली होती. भागूने बरणी पुढे केली. अक्काने तिथल्या तिथे झाकण काढलं, एक फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"मीठ कमी पडलंय."

"आईच घालते अजून. हात थरथरतो तिचा."

अक्काने आणखी एक फोड खाल्ली. "शाल कुणाला घेत होतीस?"

"तुला."

"घेऊ नकोस. रंग जातो तिचा." मग ती हळूच म्हणाली, "भागू, आईला गॅलरीचंच सांग."

गाडीत सगळ्यांनी पिशव्या उघडून दाखवल्या. भागूपाशी काहीच नव्हतं, साधी बरणीसुद्धा नव्हती. "बाई गं, राजधानीला येऊन काहीच घेतलं नाहीत?" वहिनी म्हणाल्या आणि त्यांना मनापासून वाईट वाटलं.

घरी आई दारातच बसली होती.

"बंगला कसा आहे?"

"गॅलरी आहे," भागू म्हणाली. "राजवाडा दिसतो."

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "बाजार केलास?"

"एक शाल बघितली. पटली नाही."

"पाय उचललास?"

"उचलला."

"बोलावलं दुकानदाराने?"

भागू खोटं बोलायचं ठरवून आली होती, पण ते गॅलरीपुरतं. "नाही बोलावलं."

उचललेल्या पायाला हाक न मारणारा दुकानदार आईने जन्मात पाहिला नव्हता. तसा तो एकच असू शकत होता, आणि त्याला तिनेच जन्म दिला होता.

"लोणचं आवडलं?" तिने शेवटी विचारलं.

"मीठ कमी पडलं म्हणाली."

आईने पदराने डोळे पुसले. "मग बरी आहे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला दोन चिमटी जास्त घालते."

तात्पर्य : परगावी गेल्यावर प्रेक्षणीय स्थळं बघण्यात वेळ दवडू नये, सरळ दुकानात शिरावं. आपलं माणूस तिथेच सापडतं. ते गल्ल्याच्या पलीकडे असतं, एवढंच. म्हणून भाव आधी करावा आणि रडायचं ते नंतर.